नवरी, नवरदेव, बाप, भाऊ : पवित्र शास्त्रातली घरातली रूपकं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोल्हापुरात आमच्या मंडळीत बुधवारी संध्याकाळी शास्त्राभ्यास असतो. पंधरावीस माणसं, दोन सतरंज्या, शेवटी चहा. अभ्यास चालू असताना "काही शंका?" असं विचारलं की सगळे माना हलवतात. खरे प्रश्न येतात ते दारात चपला घालताना. त्यातले लग्न आणि घर-कुटुंबाच्या रूपकांवरचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांचे आणि मित्रांचेही आहेत. उत्तरं माझ्या समजुतीप्रमाणे आहेत. पाळकसाहेबांशी दोनतीन ठिकाणी माझं जमत नाही, तेही ठाऊक असावं.

"देव आमचा बाप" हे खरं धरायचं की नुसती उपमा?

कोल्हापुरात रिक्षावाला "काय भावा, कुठं जायचं?" असं विचारतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याच्या आणि तुमच्या आईचं नाव एक आहे असंही त्याला म्हणायचं नसतं. ‘भावा’ या शब्दातून तो नात्यातली एकच गोष्ट उचलतो, आपलेपणा, आणि बाकीचं सोडून देतो. रूपक असंच चालतं. काय उचललंय आणि काय सोडलंय हे ओळखता आलं की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं मात्र लोक विसरतात. शास्त्रातली घरातली रूपकं बहुतेक वेळा घरची रीत दाखवून थांबत नाहीत, ती मोडतात. बाप असतो, पण बापाला न शोभणारं काही करतो. नवरा असतो, पण त्या काळचा नवरा जे कधीच करणार नाही ते करतो. कुठलाही उतारा वाचताना मी आधी हे बघतो, की त्या गावच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्याने हे ऐकून कुठे भुवया उंचावल्या असत्या? सांगायचं असतं ते बहुधा तिथेच असतं.

‘मंडळी’ ही ख्रिस्ताची नवरी कशी? मंडळी म्हणजे तर माणसांचा जमाव.

हा प्रश्न मराठीत विचारला की मला हसू येतं, कारण उत्तर आपल्या आजोबांच्या तोंडी होतं. जुन्या मराठीत माणूस बायकोचं नाव घेत नसे. "आमची मंडळी माहेरी गेलीय" म्हणजे बायको माहेरी गेलीय. तसंच "आमचं कुटुंब". एका बाईला अख्ख्या समूहाचा शब्द! मराठी शास्त्रात ‘एक्लेसिया’ या ग्रीक शब्दासाठी ‘मंडळी’ हा शब्द रुळला तेव्हा हा श्लेष कुणी ठरवून केला नसेल, पण इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय मराठीत जसा कानाला लागतो तसा इतर भाषांत क्वचितच लागत असेल.

ग्रीकमध्येही तो शब्द स्त्रीलिंगी आहे. पण मूळ त्याहून जुनं आहे. संदेष्टे इस्राएल प्रजेला देवाची पत्नी म्हणत आले होते. यशया ५४:५ म्हणतो, तुझा निर्माता तुझा पती आहे. यिर्मयाच्या दुसऱ्या अध्यायात देव म्हणतो, तुझ्या तरुणपणचं प्रेम मला आठवतं, रानात तू माझ्यामागून आलीस. नव्या कराराचे लेखक पौल आणि योहान यांनी हे रूपक तयारच उचललं आणि मंडळीला लावलं.

मी पुरुष आहे. मी ‘नवरी’ कसा?

तुम्ही एकटे नाही आहात नवरी. नव्या करारात वधू म्हणजे समूह, सुटा माणूस नव्हे. सुटी माणसं त्या लग्नात पाहुणे असतात, दिवे घेतलेल्या मुली असतात, नाहीतर योहान बाप्तिस्मा करणाऱ्यासारखी नवरदेवाचे मित्र असतात (योहान ३:२९). प्रत्येक जीव ही वधू, हा विचार पुढच्या शतकांत मठांतून वाढला. त्यात गोडवा आहे, पण पौलाच्या पत्रांत तो शोधू नका.

आम्ही रोज "आई अंबाबाई" ऐकत मोठे झालो. तुमच्याकडे देवाला आई का म्हणत नाहीत?

हा प्रश्न शाळेतल्या एका मुलीने विचारला होता. तिची जिवाभावाची मैत्रीण नवरात्रात दर्शनाच्या रांगेत उभी राहते, आणि ही रविवारी "आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणते. सरळ उत्तर असं की येशूने प्रार्थना शिकवताना ‘पित्या’ म्हणायला शिकवलं, आणि आम्ही तेच म्हणतो. पण एवढंच सांगून तिला घरी पाठवलं असतं तर ते अर्धं उत्तर झालं असतं.

आईची चित्रं शास्त्रात ठासून भरलेली आहेत. यशया ४९:१५ : आई आपल्या तान्ह्याला विसरेल काय? विसरलीच एखादी, तरी मी तुला विसरणार नाही. ६६:१३ : आई जशी मुलाची समजूत घालते तसा मी घालीन. अनुवाद ३२:१८ मध्ये देव हा ‘जन्म देणारा खडक’ आहे, आणि तिथलं क्रियापद बाळंतपणाच्या कळांचं आहे. यरुशलेमकडे बघून येशू स्वतःला कोंबडी म्हणतो, पिलांना पंखांखाली घेणारी (लूक १३:३४). सिंह, गरुड असं काही न म्हणता कोंबडी. आमच्याकडे परसात कोंबड्या आहेत. घार वरून फिरायला लागली की कोंबडी कसा आवाज काढते आणि पिलं कशी पळत येतात हे ज्याने बघितलंय त्याला ते वचन समजावून सांगावं लागत नाही. येशूचं दुःख एवढंच की इथे पिलं आली नाहीत.

इब्री भाषेत ‘रहमीम’ म्हणजे करुणा आणि ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय, हे दोन्ही शब्द एकाच धातूचे. देव करुणा करतो असं जिथे जिथे वाचाल तिथे मागे हा आवाज आहे. आणि देव पुरुष आहे असं शास्त्र म्हणत नाही. होशेय ११:९ मध्ये तो स्वतःच सांगतो, मी देव आहे, मनुष्य नव्हे. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या मराठी माणसाला यात अडचण वाटू नये. रेव्हरंड टिळकांनी तर अभंगांतून ख्रिस्तालाच माउली म्हणून हाक मारली.

होशेयला देवाने असलं लग्न का करायला लावलं?

इ. स. पूर्व आठवं शतक, इस्राएलचं उत्तरेचं राज्य. संदेष्ट्याला सांगितलं जातं की व्यभिचारी स्त्रीशी लग्न कर. तो गोमरशी करतो. तीन मुलं होतात आणि त्यांची नावं ऐकवत नाहीत: इज्रेल हे कत्तल झालेल्या जागेचं नाव, लो-रुहामा म्हणजे ‘जिच्यावर दया नाही’, लो-अम्मी म्हणजे ‘माझे लोक नव्हेत’. आपल्याकडे नकोशा झालेल्या मुलीला ‘नकोशी’ नाव ठेवायची चाल होती. साताऱ्यात २०११ साली अशा शेकडो मुलींची नावं समारंभ करून बदलली, ते आठवा. होशेयच्या दुसऱ्या अध्यायात तेच होतं. नावातला नकार काढून टाकला जातो. रुहामा. अम्मी.

तिसऱ्या अध्यायात तो एका स्त्रीला १५ शेकेल रुपं आणि दीड होमर सातू देऊन सोडवून आणतो. तिचं नाव दिलेलं नाही, पण बहुतेक वाचक ती गोमरच समजतात. किमतीकडे बघा. थोडं रोख, थोडं धान्य. माणसाकडे एकरकमी पैसे नसतात तेव्हा तो असा व्यवहार करतो. हा तपशील आला की मला संदेष्टा दिसत नाही, घरातलं पोतं खांद्यावर घेऊन निघालेला नवरा दिसतो. त्या काळी असल्या बायकोला टाकणं ही रीत होती, आणि याने उलट पदरचं धान्य घालवलं.

आणखी एक बारीक गोष्ट. २:१६ मध्ये देव म्हणतो, त्या दिवशी तू मला ‘बाली’ म्हणणार नाहीस, ‘इशी’ म्हणशील. दोन्हींचा अर्थ ‘माझा नवरा’. पण ‘बाल’ म्हणजे धनी, मालक, आणि शिवाय कनानी दैवताचं नाव. ‘इश’ म्हणजे नुसता माणूस, पुरुष. आपल्या आज्या नवऱ्याला ‘आमचे मालक’ म्हणायच्या आणि त्यांच्या नाती ‘माझा नवरा’ म्हणतात, एवढं अंतर त्या एका वचनात आहे.

यहेज्केल १६ वाचून अंगावर काटा येतो. हे प्रेम आहे का?

काटा यायलाच हवा. तिथे आणि २३व्या अध्यायात यरुशलेम नगरीला विश्वासघातकी पत्नी म्हटलंय आणि तिची शिक्षा फार क्रूर भाषेत रंगवलीय. यहेज्केल हे बाबेलच्या बंदिवासात, पकडून नेलेल्या लोकांपुढे बोलत होता. नगराची राखरांगोळी का होतेय याचा अर्थ तो लावत होता, आणि ऐकणाऱ्या पुरुषांना "ती बाई तुम्हीच आहात" असं सुनावत होता. हे संदर्भ म्हणून खरं आहे. पण त्यामुळे उतारा सौम्य होत नाही. बायकोला मारणाऱ्याने हा अध्याय स्वतःच्या समर्थनाला वापरला तर तो रूपकातल्या नगरीच्या जागी आपल्या बायकोला आणि देवाच्या जागी स्वतःला बसवतोय. दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी. लहान मुलांच्या वर्गात हा अध्याय मी घेत नाही. मोठ्यांच्या घेतो, पण घाईत नाही.

मरीयेचा नुसता साखरपुडा झाला होता ना? मग योसेफ सूटपत्र कशाला देणार होता?

कारण तो आपला साखरपुडा नव्हता. आपल्याकडे साखरपुडा मोडला तर बोलाचाली होते, अंगठी-साड्या परत जातात, आणि वर्षभराने दोघांची दुसरीकडे लग्नं होतात. यहुदी रीतीत लग्नाचे दोन टप्पे होते. वाग्दान झालं की मुलगी कायद्याने बायको. मग काही काळ ती बापाच्याच घरी. नंतर नवरा तिला घरी आणायचा. मधल्या काळात नातं तोडायचं तर सूटपत्रच लागे. मत्तय १:१८-१९ मध्ये ते दोघं याच मधल्या काळात आहेत.

पौल करिंथकरांना लिहितो की मी तुमचं एका पतीशी वाग्दान केलंय (दुसरं पत्र, ११:२), ते याच अर्थाने. नातं पक्कं झालंय, घरी नेणं बाकी आहे. मंडळीची आजची स्थिती सांगायला याहून नेमकं चित्र मला माहीत नाही.

दहा कुमारींच्या दाखल्यात नवरदेवाला एवढा उशीर का?

हा प्रश्न कोल्हापुरात कुणी विचारावा याचंच नवल! मुहूर्त साडेबाराचा, आणि सव्वा वाजता नवरदेव अजून कोपऱ्यावर, पुढे पोरं नाचतायत. दाखल्यात दहा मुली दिवे घेऊन नवरदेवाची वाट बघतात; पाच शहाण्या जणी जादा तेल आणतात, पाच आणत नाहीत, आणि मागितल्यावर शहाण्या ते देत नाहीत. उशिराचं कारण मत्तय २५ मध्ये दिलेलं नाही आणि दाखल्याला त्याच्याशी देणंघेणंही नाही.

माझ्या लहानपणी गावाकडे रात्रीच्या वरातीला डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बायका चालायच्या. एकदा वरात अर्ध्या वाटेवर असताना दोन बत्त्या फसफसून विझल्या, रॉकेल संपलं होतं. तिसरीवालीला कुणीतरी म्हणालं, तुझ्यातलं थोडं दे. ती म्हणाली, मग तिन्ही विझतील. शहाण्या मुली स्वार्थी होत्या का, हा प्रश्न दरवेळी येतो. त्या रात्रीपासून मला तो पडत नाही.

दाखल्यातल्या दहाही जणींना झोप लागते, हे मात्र वाचताना निसटतं. शहाण्याही झोपल्या. फरक जागं राहण्यात नव्हता.

लग्नाचा पोशाख नाही म्हणून पाहुण्याला बाहेर काढणं अन्याय नाही का? तो तर रस्त्यावरून आणलेला.

मत्तय २२ मधल्या, राजाच्या मुलाच्या लग्नाच्या दाखल्यातला हा भाग मलाही खुपतो. पोशाख यजमानच देत असे, या माणसाने तो नाकारला, असं उत्तर फार जुन्या काळापासून दिलं जातं. उताऱ्यात तसं लिहिलेलं नाही, तो आपला अंदाज. पण अंदाज पटण्यासारखा आहे. आपल्याकडे मांडवाच्या दारातच फेटे बांधायला माणूस बसवलेला असतो. गरीब-श्रीमंत, सगळ्यांना तोच फेटा. ज्याला तो नको, त्याला फेट्याचं वावडं नसतं, त्या रांगेत बसायचंच नसतं. राजा विचारतो तेव्हा तो माणूस गप्प राहतो. "मला मिळालाच नाही" असं म्हणत नाही.

व्हॉट्सॲपवर वाचलं की गालीलात नवरदेव बापाच्या घरी खोली बांधायला जायचा, म्हणून येशू "जागा तयार करायला जातो" म्हणाला. खरं का?

योहान १४ मध्ये लग्नाचा उल्लेखच नाही. मुलगा लग्नानंतर बापाच्याच वाड्यात राहायचा, हे त्या काळाला धरून आहे. पण खोली बांधणं, बापाने तपासणं, मग तुतारी वाजवत येणं, ही सगळी साखळी भक्तिपर लिखाणात जुळवलेली आहे. ऐकायला गोड आहे, प्रवचनात टाळ्याही मिळतात. मी सांगत नाही.

काना गावच्या लग्नाचा रूपकाशी संबंध आहे की तो नुसता चमत्कार?

आहे. पंगत बसलीय आणि आतून निरोप येतो की मटणाचा रस्सा संपत आला. यजमानाच्या पोटात जो गोळा येतो तो काना गावातला प्रसंग. सहा दगडी रांजण, एकेकात साधारण ८० ते १२० लिटर पाणी, येशू त्याचा द्राक्षारस करतो. आता योहान २:९-१० नीट वाचा. भोजनकारभारी द्राक्षारस चाखतो आणि नवरदेवाला बोलावून त्याचं कौतुक करतो. बिचाऱ्या नवरदेवाला काहीच पत्ता नसतो! द्राक्षारस पुरवणं नवरदेवाचं काम, आणि ते केलंय दुसऱ्याच कुणीतरी. म्हणजे या लग्नातला खरा नवरदेव कोण? योहान उत्तर देत नाही. पुढच्याच अध्यायात बाप्तिस्मा करणाऱ्याच्या तोंडून सांगतो.

"स्त्रियांनो, अधीन असा" हे इफिसकर ५ मधलं वचन लग्नात वाचतात. याला रूपक म्हणून सोडून द्यायचं का?

सोडून देता येत नाही, आणि जसं वापरलं जातं तसं घेताही येत नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईला सासरी मार बसायचा. ती मदत मागायला गेली तेव्हा एका ज्येष्ठाने तिला हे वचन उघडून दाखवलं आणि परत पाठवलं. तो प्रसंग मी विसरलेलो नाही, म्हणून हे उत्तर लांब आहे.

पहिली गोष्ट: वाक्य २२व्या वचनात सुरू होत नाही. २१वं वचन म्हणतं, ख्रिस्ताच्या भयात एकमेकांच्या अधीन असा. सर्वांत जुन्या काही ग्रीक हस्तलिखितांत २२व्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही, ते वरून घ्यावं लागतं. मथळा टाकून ही दोन वचनं तोडणं हे छापणाऱ्यांचं काम.

दुसरी: त्या काळी घर कसं चालवावं याचे उपदेश ग्रीक-रोमी जगात सर्रास लिहिले जात, आणि ते घरधन्याला सांगत की बायको, मुलं, गुलाम यांच्यावर राज्य कसं करायचं. रोमी कायद्यात बापाचा हक्क अफाट होता. पौल बायकोला तीन वचनं सांगतो आणि नवऱ्याला नऊ. त्या नऊंत ‘राज्य कर’ कुठेच नाही. आहे ते असं: जीव दे. पाण्याने धुऊन स्वच्छ कर. डाग नको, सुरकुती नको. खाऊ घाल, ऊब दे. आता हे काम घरात कोण करतं ते सांगा. धुणं, डाग काढणं, चुन्या मोडणं, भरवणं! २९व्या वचनात ‘ऊब देणं’ यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे ते नव्या करारात आणखी एकदाच येतं, पहिल्या थेस्सलनीकाकरांस २:७ मध्ये, लेकराला जपणाऱ्या दाईसाठी. घरधन्याला ‘मस्तक’ म्हणून बसवलं आणि हातात धुण्याची बादली दिली. इफिसातल्या पुरुषांच्या भुवया इथे नक्की उंचावल्या असणार.

तिसरी: ३१व्या वचनात उत्पत्ती २:२४ आहे, पुरुष आपल्या आईबापांना सोडील आणि बायकोशी जडून राहील. आपल्याकडे पाठवणी कुणाची होते? मुलीची. प्राचीन इस्राएलातही सून घरी यायची. तरी शास्त्र म्हणतं, पुरुष सोडेल. पौल ते ख्रिस्ताला लावतो: बापाचं घर सोडून तो निघाला.

आणि ज्या बाईला मार बसतो तिच्यासाठी हा रूपकाचा प्रश्नच नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. महिला हेल्पलाइन १८१. शास्त्राभ्यास नंतर.

"दत्तकपणाचा आत्मा" म्हणजे काय? आपण सावत्र लेकरं आहोत का?

कोल्हापूरकरांना हे समजायला सर्वांत सोपं. कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचा मुलगा यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी, वयाच्या दहाव्या वर्षी, त्याला राणी आनंदीबाईंनी दत्तक घेतलं. त्या दिवसापासून तो घाटग्यांचा यशवंत राहिला नाही, करवीरच्या गादीचा वारस शाहू झाला. त्यांना कुणी ‘सावत्र छत्रपती’ म्हणतं का?

रोमी जगातही दत्तक बहुतेक वारसासाठी घेत, आणि तेही मोठ्या वयाचे पुरुष. ज्यूलियस सीझरने मृत्युपत्राने आपल्या बहिणीच्या नातवाला दत्तक घेतलं, तोच पुढे सम्राट ऑगस्टस. जुन्या घराचं नातं सुटतं, नवं नाव, नव्या घराचा हक्क. रोमकरांस ८ आणि गलतीकरांस ४ मध्ये पौल हाच शब्द वापरतो.

मोडतोड इथेही आहे. पौल ज्यांना लिहितो त्यांत गुलाम आहेत, बायका आहेत. त्यांना दत्तक घेऊन गादीवर कोण बसवणार? तो सगळ्यांनाच ‘पुत्र’ म्हणतो, कारण त्या व्यवस्थेत वारसाचा पहिला मान पुत्राचा. हल्लीची काही भाषांतरं ‘मुले’ असं करतात. हेतू चांगला आहे, पण धार जाते. मुलीला ‘पुत्राचा’ वाटा मिळतो, हे त्यात सांगायचंय. हक्कसोडपत्रावर सही करून आलेल्या आपल्याकडच्या बहिणींना ही धार बरोबर कळते.

‘अब्बा’ या अरामी शब्दावर थोडं. आमच्या भागात बापाला किंवा आजोबांना ‘आबा’ म्हणतात, आणि दोन्ही शब्द कानाला सारखे लागतात. योगायोग आहे, पण अर्थाच्या जवळ नेणारा. तो फक्त तान्ह्या मुलाचा बोबडा शब्द नव्हता. मोठी, कर्ती मुलंही बापाला तसंच म्हणायची.

उधळ्या पुत्राचा बाप एवढा भोळा कसा?

धाकटा मुलगा बापाकडून वाटा मागून घेतो, परदेशी उधळतो आणि रिकाम्या हाताने परत येतो, ती ही गोष्ट. बाप हयात असताना वाटणी मागणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी सात-बारावरून भांडण झालंय त्यांना विचारा. लूक १५:१२ सांगतं की बापाने मालमत्ता दोघांत वाटून दिली. म्हणजे थोरल्यालाही त्याचा वाटा मिळाला होता, आणि अनुवाद २१:१७ प्रमाणे थोरल्याचा वाटा दुप्पट. थोरला शेवटी "मला करडूसुद्धा दिलं नाही" म्हणून रागावतो, तेव्हा बाप त्याला आठवण करून देतो की जे माझं ते सगळं तुझंच आहे. कायद्यानेही खरंच होतं ते.

बाप धावतो. प्रतिष्ठित म्हातारा अंगरखा आवरत गावासमोर पळतो, आणि पोराने घोकून ठेवलेलं वाक्य पुरं होऊ देत नाही. "मला चाकर म्हणून ठेवा" हे शब्द त्याच्या ओठांवरच राहतात. थोरला धाकट्याला "हा तुझा मुलगा" म्हणतो; बाप वाक्य परत करताना "हा तुझा भाऊ" म्हणतो. एक शब्द बदलला. थोरला आत गेला की नाही, लूक सांगत नाही.

माझा बाप दारू पिऊन मारायचा. मला ‘बाप’ म्हणून प्रार्थना करवत नाही.

मग करू नका. खडक म्हणा, मेंढपाळ म्हणा, आश्रय म्हणा; स्तोत्रांत हे सगळे शब्द आहेत. स्तोत्र २७:१० म्हणतं, आईबापांनी टाकलं तरी परमेश्वर मला जवळ घेईल. म्हणजे स्तोत्रकर्त्यालाही टाकणारे आईबाप माहीत होते. ‘बाप’ हा शब्द परत कधी जवळचा वाटलाच तर ठीक, नाही वाटला तरी तुमच्या प्रार्थनेत उणं काही नाही. पाळकसाहेबांशी माझं जमत नाही त्यातली ही एक जागा.

येशूने आई-भावांना बाहेर उभं ठेवलं (मार्क ३). हे बरं दिसतं का?

नाही दिसत. म्हणूनच मार्कने लिहून ठेवलंय. "माझी आई कोण, माझे भाऊ कोण?" असं विचारून तो भोवती बसलेल्यांकडे बघतो. मार्क १०:२९-३० मध्ये आणखी गंमत आहे. सोडायच्या यादीत घर, भाऊ, बहिणी, आई, बाप, मुलं, शेतं आहेत. शंभरपट मिळायच्या यादीत घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं. बाप गाळला. ती जागा रिकामी ठेवलीय. मत्तय २३:९ शेजारी ठेवून वाचा, का ते दिसेल.

लग्न न झालेल्यांना आणि मूल नसलेल्यांना हा भाग मी आवर्जून दाखवतो. "अजून काही बातमी नाही का?" असं मंडळीतल्याच बायका ज्यांना विचारतात, त्यांच्यासाठी यशया ५६:४-५ सुद्धा आहे, मुलालेकींपेक्षा उत्तम नाव देण्याचं वचन. ते वचन षंढांना दिलेलं आहे, ज्यांचं वंशावळीत नावच येणार नव्हतं.

आणि नव्या कुटुंबात सगळं गोड असतं असंही नाही. करिंथात भाऊ भावावर फिर्याद करत कोर्टात गेला होता (पहिलं पत्र, ६:६). भावकी म्हणतात ती हीच. नातं खरं असल्याचा तोही एक पुरावा म्हणायचा.

गीतरत्न हे ख्रिस्त आणि मंडळीचं गाणं आहे का?

आधी ते एका मुलीचं आणि एका मुलाचं गाणं आहे, आणि ती मुलगी त्याच्याहून जास्त बोलते. यहुदी परंपरेने त्यात देव आणि इस्राएल पाहिलं, ख्रिस्ती परंपरेने ख्रिस्त आणि मंडळी. पाहू द्या. पण थेट तिकडे उडी मारली तर आठ अध्यायांतल्या डाळिंबांचा वास येत नाही.

प्रकटीकरणात नवरी म्हणून शहर का दाखवलंय?

इब्रीत शहराचा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून ‘सीयोनकन्या’. आपणही ‘करवीर नगरी’ म्हणतोच. २१व्या अध्यायात देवदूत योहानाला म्हणतो, चल, तुला नवरी दाखवतो. डोंगरावर नेतो आणि दाखवतो काय, तर बारा वेशींची नगरी, लांबी-रुंदी साधारण २२०० किलोमीटर. कोल्हापूरहून दिल्ली यापेक्षा जवळ आहे. मुलगी बघायला म्हणून नेलं आणि अख्खं गाव दाखवलं! पण होशेयपासूनची वाट इथेच येत होती. नवरी म्हणजे माणसं, पुष्कळ माणसं. वेशी दिवसा कधी बंद होत नाहीत, आणि तिथे रात्रच नाही.

सुरुवात कुठून करू? वेळ कमी असतो.

फिलेमोनाला पत्र. अवघी २५ वचनं, चहा निवायच्या आत होतात. अनेसिम नावाचा गुलाम धन्यापासून दूर गेलेला. पौल तुरुंगातून त्याला परत पाठवतो आणि धन्याला लिहितो: बेड्यांत असताना मी याला जन्म दिला, हे माझं लेकरू आहे. याला आता गुलाम म्हणून घेऊ नकोस, भाऊ म्हणून घे. काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, हे मी माझ्या हाताने लिहितोय.

घरातली जवळजवळ सगळी रूपकं या एका पानात कामाला लावलेली आहेत, आणि ती खरी की नुसती उपमा हे आता फिलेमोनाला ठरवायचंय, दारात उभ्या असलेल्या माणसाकडे बघून. शेवटाकडे पौल सहज लिहितो, माझ्यासाठी उतरायची सोय करून ठेव, मी येईन अशी आशा आहे. घरातला थोरला चुलता वाटणीचं भांडण चालू असताना फोनवर "येतोय मी, माडीवरची खोली झाडून ठेव" एवढंच म्हणतो ना, तसं.